काचेआडचं पाणी : लेखांक ९
तळाचा मासा आजारी पडतो तेव्हा

गेल्या आठवड्यात आपण फिल्टरमधल्या जिवाणूंची ओळख करून घेतली. माशांच्या उत्सर्गातून सुटणारा अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये कसा बदलतो, ते पाहिलं. हे चक्र अडखळलं की टाकीत पहिला त्रास बहुतेक वेळा तळाशी राहणाऱ्यांना होतो. कोरीडोरस ऊर्फ कोरी, लोच, कुली, सकर ही ती मंडळी. वरच्या थरात गप्पी आणि टेट्रा मजेत फिरत असतात, खाणं टाकताच झेपावतात. खाली एखादी कोरी मात्र कोपऱ्यात पडून भराभर कल्ले हलवत असते. घरात निष्कर्ष निघतो, की बाकीचे ठणठणीत आहेत, म्हणजे पाणी चांगलं आहे, दुखणं या एकाच माशाचं आहे. मग दुकानातून निळ्या औषधाची बाटली येते. मिश्र टाकीतले तळाचे मासे जितके आजाराने मरतात, तितकेच या घाईनेही मरतात, असं मला वाटतं. म्हणून आजच्या लेखाचा आग्रह एकच आहे: तळाचा मासा आजारी दिसला, तर आधी तो जिथे राहतो ती जागा तपासा. औषधाची पाळी सगळ्यांत शेवटी.

उदाहरणासाठी चंदीगड घेऊ. लष्कर, हवाई दल, बँका आणि पीजीआय रुग्णालय यांच्यामुळे तिथे आणि शेजारच्या चंडीमंदिर छावणीत बरीच मराठी कुटुंबं बदलीवर जातात. रत्नागिरीत किंवा मुंबईत वर्षभर हीटरविना चाललेली टाकी तिथे पहिल्याच हिवाळ्यात संकटात येते. जानेवारीत रात्रीचं तापमान ५-६ अंशांवर उतरतं, धुक्याच्या दिवसांत दुपारही गारच राहते. मे-जूनमध्ये तेच शहर चाळीस अंशांच्या वर जातं. घराच्या गच्चीवरच्या साठवणीच्या टाकीतलं पाणी एका ऋतूत गारठतं आणि दुसऱ्यात तापतं. तळाच्या माशावर येऊ शकणारी जवळजवळ सगळी संकटं या एका शहरात पाहायला मिळतात.

तळाशी वेगळं काय असतं?

उरलेलं खाणं, विष्ठा, कुजलेली पानं, सगळं खाली बसतं. ते कुजताना जिवाणू प्राणवायू वापरतात, म्हणून वाळूलगतच्या पाण्यात तो कमी पडतो. थंड पाणी जड असल्यामुळे खाली उतरतं. फिल्टरचा प्रवाह मंद असेल, तर वर लावलेला थर्मामीटर २५ दाखवतो आणि तळ त्याहून दोन-तीन अंशांनी गार असू शकतो. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचे परजीवीही वाढीसाठी तळाशीच जाऊन बसतात. गप्पी या सगळ्याच्या वर पोहतात; कोरी त्यात पोट टेकून झोपते. म्हणून बाकीचे मासे ठीक असणं हा पाणी चांगलं असल्याचा पुरावा नव्हे.

आधी नुसतं पाहा

टाकीत हात घालण्यापूर्वी दहा मिनिटं समोर बसा. तळाच्या माशांच्या काही सवयी नवख्याला घाबरवतात, पण त्या निरोगी असतात. कोरी मधूनच सरळ वर झेप घेते, हवेचा घोट घेते आणि खाली येते. तिच्या आतड्याच्या मागच्या भागातून प्राणवायू रक्तात शोषला जातो. हा तिचा नैसर्गिक श्वास आहे. मात्र ती मिनिटामिनिटाला वर जाऊ लागली, तर पाण्यात प्राणवायू कमी आहे किंवा कल्ले दुखावले आहेत. क्लाउन लोच कुशीवर आडवा पडून झोपतो. त्याला मेला समजून काढू नका.

चिंतेची लक्षणं वेगळी आहेत. पर अंगाला चिकटलेले, श्वास जलद, मासा दगडावर अंग घासतोय, मिशा आखूड झाल्यात, पोटाखाली लाल डाग आहेत, पोट खपाटीला गेलंय किंवा उलट फुगलंय. यातलं काय दिसलं, कुठल्या माशात आणि कधीपासून, ते वहीत लिहा. नवा मासा कधी आणला, पाणी कधी बदललं, वीज कधी गेली, घर कधी बदललं, तेही लिहा. बदलीच्या सामानाबरोबर आलेल्या टाकीत हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा ठरतो. प्रवासात फिल्टरचा स्पंज बंद डब्यात राहिला, तर प्राणवायूअभावी त्यातले जिवाणू मरतात आणि जुनी टाकी पुन्हा नवी होते.

मग पाणी मोजा

अमोनिया, नायट्राइट आणि सामू, म्हणजे पीएच, हे तीन आकडे हवेतच. अमोनियाच्या किटवर दिसणारा आकडा एकूण अमोनियाचा असतो. त्यातला विषारी भाग सामूवर अवलंबून असतो. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल, तर एकूण अमोनियाचा साधारण अर्धा टक्का विषारी रूपात असतो. सामू ८ झाला की तोच भाग पाच टक्क्यांच्या वर जातो. चंदीगडला नळाचं बरंचसं पाणी भाक्रा कालव्यातून, काजौलीच्या जलकेंद्रातून येतं, आणि त्याला कूपनलिकांच्या पाण्याची जोड असते. कालव्यातलं, हिमालयातून आलेलं सतलजचं पाणी साधारणपणे अल्कधर्मी असतं.

यातून एक धोका उभा राहतो आणि तो नीट समजून घ्यायला हवा. बरेच दिवस दुर्लक्षित टाकीत सामू हळूहळू उतरतो. तिथे अमोनिया साठला तरी बहुतांश निरुपद्रवी रूपात राहतो. एके दिवशी मासा आजारी दिसतो, घाबरून आपण तीन चतुर्थांश पाणी बदलतो, अल्कधर्मी पाण्याने सामू एकदम चढतो आणि उरलेला अमोनिया काही मिनिटांत विषारी होतो. पाणी बदलल्यावर मासे मेले, या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. म्हणून जुन्या टाकीत एका वेळी पाव भागच पाणी बदला, पण रोज बदला, अमोनिया आणि नायट्राइटचे आकडे शून्यावर येईपर्यंत. नव्या पाण्यातलं क्लोरीन काढण्याचं द्रावण आधी घाला. हिवाळ्यात त्यात थोडं गरम पाणी मिसळून ते टाकीच्या तापमानाला आणा. नळाचं गार पाणी थेट ओतलं तर ते आधी तळावरच पोचतं.

नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतं. पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो आणि त्याचे कल्ले तपकिरी दिसू लागतात. इथे साधं मीठ खरोखर उपयोगी पडतं, कारण मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. १० लिटरला १ ग्रॅम मीठ पाण्यात विरघळवून घातलं, तरी मोठा आधार मिळतो आणि एवढं मीठ कोरी-लोचनाही सोसतं. मूठभर मीठ टाकण्याची गरज नाही.

तळ साफ करा

सायफनची नळी खडीत खुपसा. तपकिरी गाळाचा लोट उठला, तर मिशा का झिजल्या ते कळलं. टोकदार खडीला दोष दिला जातो आणि ती बदलावीच. पण घाण खडीतल्या जिवाणूंचा वाटा त्याहून मोठा असतो. कोरी दिवसभर तोंड वाळूत घालून अन्न शोधते. त्या वाळूत कुजकट गाळ असेल, तर मिशीवरची बारीक जखम भरत नाही, चिघळत जाते. एका दिवसात सगळा तळ उपसू नका, कारण उपयोगी जिवाणूही तिथे राहतात. आज एक तृतीयांश, तीन-चार दिवसांनी पुढचा तुकडा. पुढे जमेल तेव्हा बारीक, गुळगुळीत वाळूचा दोन-तीन सेंटिमीटर थर द्या. तळ स्वच्छ राहिला आणि मिशी मुळापासून गेलेली नसेल, तर ती पुन्हा वाढते.

ऊब, पण कोणाला किती?

चंदीगडच्या हिवाळ्यात लिटरमागे एक वॉट हा हीटरचा ठोकताळा अपुरा पडू शकतो. शंभर लिटरच्या टाकीत एका मोठ्या हीटरऐवजी ७५ वॉटचे दोन लावा; एक बंद पडला तरी दुसरा रात्र निभावतो. ते फिल्टरच्या प्रवाहाजवळ आणि तळालगत आडवे बसवा. मागे आणि बाजूंना थर्मोकोल लावला की उष्णता टिकते. थर्मामीटर मात्र तळाशी ठेवा. उन्हाळ्यात उलटी काळजी. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांना जेमतेम ७. एअर पंप अशा दिवसांत रात्रंदिवस चालायला हवा.

मासे निवडतानाच हा विचार व्हावा. ठिपक्याठिपक्यांची पेपर्ड कोरी मूळची दक्षिण अमेरिकेच्या थंड भागातली, तिला वीस-बावीस अंश मानवतात. स्टर्बाय कोरीला उबदार पाणी लागतं. सुमात्रा-बोर्निओच्या क्लाउन लोचला २५ अंशांखाली त्रास होतो. या दोन टोकांच्या माशांना एका टाकीत ठेवलं, तर कोणीतरी कायम आजारी राहणारच. आपल्या देशातले लोच वेगळेच. बोटिया बर्डी सतलजसह सिंधू खोऱ्यातल्या नद्यांचा, तर पट्ट्यापट्ट्यांचा बोटिया स्ट्रायाटा आपल्या सह्याद्रीतून निघणाऱ्या कृष्णा खोऱ्यातल्या ओढ्या-नद्यांचा. वाहतं, स्वच्छ, प्राणवायूने भरलेलं पाणी ही त्यांची गरज आहे. स्ट्रायाटा आज धोक्यात आलेल्या प्रजातींमध्ये गणला जातो. दुकानात दिसला, तरी नदीतून धरून आणलेला मासा घेऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

पांढरे ठिपके आणि पांढरा लेप

वीज गेली, पाणी गारठलं आणि आठवड्याभरात लोचच्या अंगावर रव्याच्या कणांसारखे ठिपके आले, तर तो इक, म्हणजे इक्थिऑफ्थिरिअस हा परजीवी. ठिपक्यातला जीव पिकला की माशावरून सुटतो, तळाशी जाऊन कवच करतो आणि त्यातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. ही पिल्लं पोहत नवा मासा शोधतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहत्या अवस्थेवर. म्हणून ठिपके गेले की उपचार थांबवणं चुकीचं. २५ अंशांच्या आसपास हे चक्र आठवड्याच्या आत पुरं होतं, ७ अंशांना पाच आठवड्यांहून जास्त लागतात. ज्यांना उष्णता सोसते अशा माशांसाठी पाणी दिवसाला एक-दोन अंशांनी चढवत ३० पर्यंत नेतात, हवा वाढवतात, रोज तळाचा गाळ ओढतात आणि शेवटचा ठिपका गेल्यावरही आठवडाभर तसंच ठेवतात. पेपर्ड कोरीला मात्र हा इलाज देऊ नये.

इथे एक ओळख पक्की हवी. ठिपक्यांऐवजी तोंडाभोवती किंवा पाठीवर करडा-पांढरा लेप दिसला, तर तो कॉलम्नॅरिस हा जिवाणूंचा रोग असू शकतो. त्याला उष्णता म्हणजे खतपाणी. इक समजून पाणी तापवलं, तर दोन दिवसांत मासा जातो. खात्री नसेल तर तापमान चढवू नका.

उपाशी तर नाही?

तळाचे मासे उरलंसुरलं खाऊन जगतात, या समजुतीने कितीतरी कोरी हळूहळू मेल्या आहेत. मिश्र टाकीत तळापर्यंत काही पोचतच नाही. दिवे मालवल्यावर, वरचे मासे शांत झाल्यावर, बुडणाऱ्या गोळ्या टाका. सकरला भाजी हवी, वाफवलेल्या काकडीचा तुकडा चालतो. नीट खाऊनही लोच वाळत चालला असेल, तर पोटात परजीवी असण्याची शक्यता असते आणि तिथे जाणकाराचा सल्ला घ्यावा. चंदीगडकरांना लुधियानाच्या गुरू अंगद देव पशुवैद्यक विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय जवळ आहे. कोकणातल्या वाचकांना रत्नागिरीचं.

आणि शेवटी औषध

एवढं करूनही मासा सुधारला नाही, तरच औषध, आणि तेही वेगळ्या टाकीत. मिथिलीन ब्लू फिल्टरमधले जिवाणू मारतं. मुख्य टाकीत टाकलं, तर आजार बाजूला राहून अमोनिया वाढतो. मॅलाकाइट ग्रीन आणि तांब्याची औषधं लोच आणि मिशीवाल्या माशांना लवकर बाधतात, म्हणून अर्ध्या मात्रेने सुरुवात करतात. फिल्टरमधला कोळसा काढून ठेवा, नाहीतर तो औषध शोषून घेतो. माणसांच्या अँटिबायोटिकच्या कॅप्सूल फोडून पाण्यात टाकू नका. आजार ओळखल्याशिवाय दिलेलं अँटिबायोटिक फक्त जिवाणूंना निर्ढावतं. कोरीला जाळीने पकडू नका, तिच्या परांचे काटे अडकतात. पाण्याखालीच डब्यात घ्या. आणि सांभाळणं जमत नाही म्हणून वाढलेला सकर चंदीगडच्या सुखना तलावात किंवा कुठल्याही नदीत सोडू नका. परदेशी सकर देशातल्या अनेक जलाशयांत आधीच पसरला आहे आणि स्थानिक माशांच्या मुळावर उठला आहे.

पुढच्या लेखांकात ही वेगळी टाकी कशी उभारायची ते पाहू: किती लिटरची, कोणत्या फिल्टरची, आणि नवा मासा तिच्यात चार आठवडे का ठेवायचा. तोवर एक काम करा. तुमच्या टाकीतला थर्मामीटर आज तळाशी न्या आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. पुढच्या लेखाची सुरुवात त्या आकड्यांवरून करायची आहे.