पत्र कोणाकडून मागावं?

भारतात एमबीबीएसच्या प्रवेशाला शिफारसपत्र लागत नाही. नीटचे गुण, अधिवास दाखला, लागू असेल तर जातवैधता, एवढ्यावर काम भागतं. त्यामुळे कर्जत-खालापूरच्या घरांत या पत्राचा प्रश्न येतो तो एकदम: मुलगी बारावीनंतर ब्रिटनमध्ये अर्ज करते तेव्हा, किंवा मुलगा डॉक्टर होऊन अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी प्रयत्न करतो तेव्हा. मग घरात पहिली चर्चा होते ती मोठ्या नावांची. आमदारांचं लेटरहेड मिळेल का? मुंबईच्या त्या नामवंत सर्जनची सही? आपल्याकडे बरीच कामं चिठ्ठीवर होतात, तेव्हा असं वाटणं स्वाभाविक आहे. पण हे पत्र वाचणाऱ्या प्राध्यापकाला आपला आमदार ठाऊक नसतो. त्याला जाणून घ्यायचं असतं की लिहिणाऱ्याने या उमेदवाराला काम करताना पाहिलंय का, आणि पाहिलं असेल तर नेमकं काय.

आनंदीबाई जोशींची गोष्ट या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. १८७८ साली त्यांचे पती गोपाळराव यांनी कोल्हापुरातून त्यांच्या शिक्षणासाठी मिशनऱ्यांकडे शब्द टाकला. तो प्रिन्स्टनच्या वाइल्डर यांच्यापर्यंत पोचला. वाइल्डर यांनी पूर्वी कोल्हापुरातच मिशन चालवलं होतं, पण आनंदीबाईंना ते ओळखत नव्हते; त्यांच्याकडून आला तो ख्रिस्ती होण्याचा आग्रह. वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला आणि १८८० मध्ये तो न्यू जर्सीतल्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला. कार्पेंटरबाईंना ना पद होतं ना अधिकार. पुढची तीन वर्षं दोघींची पत्रं चालू राहिली. १८८३ मध्ये आनंदीबाई अमेरिकेत उतरल्या त्या कार्पेंटरबाईंच्याच घरी, आणि १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. ज्या बाईने त्यांना पत्रांतून वर्षानुवर्षं ओळखलं होतं, तीच पाठीशी उभी राहिली.

आपल्या तालुक्यांत अशी जवळून ओळखणारी माणसं आहेत. एमबीबीएसच्या इंटर्नशिपमध्ये कम्युनिटी मेडिसिनचे १२ आठवडे असतात, आणि त्यातला काही काळ ग्रामीण केंद्रात जातो. कडाव, कळंब, नेरळ किंवा खालापुरात वावोशी अशा एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जो काम करतो, त्याला तिथले वैद्यकीय अधिकारी रोज बघतात. भातलावणीच्या दिवसांत सर्पदंशाचा रुग्ण आला तेव्हा हा घाबरला की सावरून उभा राहिला, कातकरी वाडीवरच्या बाईशी कसं बोलला, रात्रीची ड्युटी टाळली की मागून घेतली, हे सगळं त्यांना माहीत असतं. महाविद्यालयातल्या विभागप्रमुखांना बहुतेक वेळा फक्त हजेरी आणि गुण माहीत असतात.

'पीएचसीच्या डॉक्टरचं पत्र कोण विचारतो?' असं पालक म्हणतात. त्यांना मी महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांचं नाव सांगतो. याच रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांनी विंचूदंशाचे रुग्ण पाहायला सुरुवात केली आणि त्यांचं काम 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. केंद्र लहान होतं म्हणून तिथल्या निरीक्षणाची किंमत कमी झाली नाही.

अर्थात सगळी पत्रं एकाच ठिकाणची नकोत. अमेरिकेत रेसिडेन्सीचा अर्ज ज्यातून जातो त्या ईआरएएस प्रणालीत एका प्रोग्रॅमला जास्तीत जास्त ४ पत्रं जोडता येतात. त्यात ज्या विषयात जायचंय त्या विषयाचे, प्रत्यक्ष वॉर्डात शिकवणारे प्राध्यापक हवेतच. ब्रिटनच्या विद्यापीठ प्रवेशाच्या यूसीएएस प्रणालीला शिक्षकांचा अभिप्राय लागतो आणि वैद्यकीय अर्जांची मुदत १५ ऑक्टोबरला संपते. तिथे पनवेलच्या क्लासमधल्या तुडुंब बॅचच्या सरांपेक्षा कनिष्ठ महाविद्यालयातल्या जीवशास्त्राच्या मॅडम बऱ्या. प्रयोगवहीतल्या चुका त्यांनीच तपासलेल्या असतात.

मागताना प्रत्यक्ष भेटा, आणि मुदतीच्या निदान सहा आठवडे आधी. 'पत्र द्याल का?' असं विचारलं की सहसा कोणी नाही म्हणत नाही. 'माझ्याबद्दल मनापासून चांगलं लिहिता येईल का?' असं विचारा. समोरची व्यक्ती घुटमळली तर आभार मानून दुसरीकडे जा; कोमट पत्र अर्जाला मारतं.

सगळ्यात जास्त नुकसान करणारी सवय म्हणजे 'तूच लिहून आण, मी सही करतो'. हे मला अजिबात पटत नाही. तीन पत्रांत एकच शैली आणि तीच विशेषणं दिसली की वाचणाऱ्याचा सगळ्यांवरचाच विश्वास उडतो. त्याऐवजी एका कागदावर मुद्दे द्या: कधी ते कधी काम केलं, कोणते रुग्ण एकत्र पाहिले, कुठे चुकलो आणि त्यांनी कसं सुधारलं. वाक्यं त्यांची त्यांना लिहू द्या. ईआरएएसमध्ये तर पत्र लिहिणाऱ्यानेच ते परस्पर अपलोड करायचं असतं, आणि पत्र पाहण्याचा हक्क उमेदवाराने सोडावा अशी अपेक्षा असते.

आणखी एक अडचण ग्रामीण भागातली. वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, कंत्राटी डॉक्टरांची मुदत संपते. इंटर्नशिपच्या शेवटच्या आठवड्यातच त्यांचा नोंदणी क्रमांक, कायम चालणारा ईमेल आणि मोबाइल लिहून घ्या, आणि आपण कोणत्या देशात, कधी अर्ज करणार हे त्यांना तेव्हाच सांगून ठेवा.