ब्रेकच्या नळीतले पाणी आणि हवा

मोटारीचे ब्रेक पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या पुढे सरकतो आणि नळ्यांमधल्या द्रवावर दाब येतो. द्रव दाबला जात नाही. त्यामुळे तो दाब जसाच्या तसा चारही चाकांपर्यंत पोचतो आणि तिथे डिस्कवर पॅड किंवा ड्रममध्ये लायनर आवळले जातात. बंदिस्त द्रवातला दाब सर्व दिशांना सारखा पसरतो हे ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकात मांडले होते. मोटारीत चारही चाकांना असे ब्रेक अमेरिकेतील ड्यूसनबर्ग मॉडेल ए या गाडीने १९२१ मध्ये आणले. या सगळ्या रचनेचा भरवसा एकाच गोष्टीवर असतो: नळीत द्रवाशिवाय दुसरे काही नसावे. हवा शिरली तर पेडलची ताकद बुडबुडे दाबण्यातच खर्च होते आणि पायाला पेडल स्पंजसारखे लागते.

गॅरेजमध्ये ज्याला ब्रेक ऑइल म्हणतात, तो द्रव बहुतेक गाड्यांत ग्लायकॉल ईथरपासून बनवलेला असतो आणि तो हवेतली आर्द्रता शोषतो. रबरी नळ्यांमधून आणि ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणातल्या छिद्रातून बाष्प हळूहळू आत जाते. कोकणातल्या दमट हवेत तर त्याला तोटाच नाही. या द्रवाच्या प्रती डॉट क्रमांकांनी ठरतात. नवा डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतो, तर डॉट ४ किमान २३० अंशांना. पाण्याचे प्रमाण सुमारे ३.७ टक्के झाले की हीच किमान मर्यादा अनुक्रमे १४० आणि १५५ अंश एवढी खाली येते.

हा फरक सपाट रस्त्यावर जाणवत नाही. आंबोली किंवा ताम्हिणीसारखा घाट उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला तर डिस्क तापते, ती उष्णता पॅड आवळणाऱ्या कॅलिपरमधून द्रवात जाते आणि त्यातले पाणी उकळून वाफ होते. वाफ हवेसारखीच दबते, आणि पेडल थेट तळाला जाते. गाडी थंड झाली की वाफेचे पुन्हा पाणी होते, पेडल पूर्ववत होते, आणि तपासणाऱ्या मिस्त्रीला काहीच सापडत नाही. ब्रेक चांगले लागतात म्हणून ऑइल बदलणे पुढे ढकलणे धोक्याचे आहे ते यामुळेच. दर दोन वर्षांनी बदल हा सर्वसाधारण प्रघात आहे. नेमकी मुदत आणि डॉट क्रमांक गाडीच्या पुस्तिकेत असतो. काळवंडलेले ऑइल जुने असतेच, पण स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलमध्येही पाणी असू शकते. रंगावर विसंबू नये.

हवा काढणे म्हणजे नळीतले बुडबुडे जाईपर्यंत थोडे ऑइल सोडणे. फ्लशिंगमध्ये जुने ऑइल पूर्ण बाहेर काढून नवे भरतात. दोन्हींची रीत एकच आहे. मात्र त्याआधी टाकीतली पातळी पाहावी. ती खाली असेल तर पॅड झिजलेले असू शकतात किंवा कुठे गळती असू शकते. कारण न शोधता नुसते ऑइल भरणे ही फसवी दुरुस्ती होय.

साहित्य थोडे लागते: पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीच्या ऑइलची सीलबंद बाटली, निपलला (प्रत्येक चाकापाशी हवा सोडण्यासाठी असलेल्या पोकळ स्क्रूला) घट्ट बसणारा रिंग पाना, पारदर्शक नळी, एक रिकामी बाटली, जॅक आणि भक्कम स्टँड. लहान गाडीला साधारण अर्धा ते एक लिटर ऑइल पुरते. पूर्वी उघडून ठेवलेली बाटली वापरू नये. तिने हवेतले पाणी आधीच घेतलेले असते. इंजिन ऑइलचा तर थेंबही चालत नाही. खनिज तेलाने ब्रेकची रबरी सील फुगतात आणि मग सगळे भाग बदलावे लागतात. डॉट ५ हा सिलिकोनचा वेगळाच द्रव आहे; तो डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळत नाहीत. ब्रेक ऑइल रंगही खाते, म्हणून पत्र्यावर सांडल्यास लगेच पाण्याने धुवावे.

गाडी सपाट, पक्क्या जागी उभी करावी. बहुतेक गाड्यांत हँडब्रेक मागच्याच चाकांवर चालतो, त्यामुळे मागची बाजू उचलल्यावर तो गाडीला धरत नाही. पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावावेत. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली जाऊ नये.

सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकाने करण्याची रूढ पद्धत आहे. भारतात चालक उजवीकडे बसतो, म्हणून ते चाक सहसा मागचे डावे असते. मग मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे. अनेक छोट्या गाड्यांत ब्रेकच्या दोन वाहिन्या तिरप्या जोडलेल्या असतात, पुढचे एक चाक मागच्या विरुद्ध बाजूच्या चाकाशी. त्यांचा क्रम वेगळा असू शकतो. पुस्तिका सांगेल तोच क्रम धरावा.

टाकीतले जुने ऑइल सिरिंजने उपसून नवे भरतात. निपलवर नळी चढवून तिचे दुसरे टोक बाटलीतल्या थोड्या ऑइलमध्ये बुडवतात. आता दोघे लागतात. एकजण पेडल सावकाश दाबून धरतो, दुसरा निपल पाव आटा सैल करतो. पेडल खाली जाते, ऑइल आणि बुडबुडे नळीत येतात. निपल आवळल्यावरच पेडल सोडायचे. ही शिस्त चुकली तर वर येणारे पेडल हवा आत ओढते आणि केलेले काम पाण्यात जाते. म्हणून ‘दाब’, ‘सोड’ हे शब्द मोठ्याने बोलून, समोरच्याने ते परत उच्चारल्यावरच पुढे जावे. जुन्या गाडीत पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवणे शहाणपणाचे असते. एरवी दट्ट्या जिथे पोचत नाही तिथे गंज साचलेला असतो, आणि पेडल तळापर्यंत नेले तर तिथे सील फाटते.

नळीतून नवे, स्वच्छ ऑइल बुडबुड्यांशिवाय येऊ लागले की ते चाक झाले. दर काही दाबांनंतर टाकी पाहून भरत राहावे. ती रिकामी झाली तर सगळे पहिल्यापासून. निपल पोकळ आणि नाजूक असते. गंजलेले असल्यास गंज सोडवणारे तेल मारून थांबावे, जोर लावू नये. ते कॅलिपरच्या वरच्या अंगाला असते, कारण हवा वर चढते. दुरुस्तीत डावे-उजवे कॅलिपर अदलाबदल झाले तर निपल खाली येते आणि कितीही पंप केले तरी हवा जात नाही.

एबीएस असलेल्या गाडीतही टाकी कोरडी पडू दिली नाही तर हीच रीत सहसा चालते. एबीएसच्या यंत्रातच हवा शिरली तर त्यातल्या झडपा स्कॅनरने उघडाव्या लागतात. ते काम सुसज्ज गॅरेजचे आहे.

शेवटी इंजिन बंद ठेवून पेडल दाबावे. ते वरच, कडक लागले पाहिजे. इंजिन सुरू केल्यावर ते थोडे खाली जाते, ते पायाच्या जोराला मदत करणाऱ्या बूस्टरमुळे, आणि तसेच व्हायला हवे. पण दाबून धरलेले पेडल हळूहळू खचत असेल तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे सील गेले आहे, आणि अशी गाडी हलवूच नये. सर्व निपल कोरडी आहेत, त्यांच्या रबरी टोप्या बसल्या आहेत, चाकांचे नट आवळले आहेत हे पाहून आधी आवारात मंद वेगाने दोन-चारदा ब्रेक लावून बघावे, मगच रस्त्यावर यावे. काढलेले ऑइल पुन्हा वापरत नाहीत. ते गटारात किंवा मातीत न ओतता बंद डब्यात भरून, वापरलेले तेल गोळा करणाऱ्या गॅरेजकडे द्यावे.