कुकीतील चेरी आणि डोंगरातील करवंद

आगमनकाळ सुरू झाला की ख्रिस्ती कुटुंबांच्या स्वयंपाकघरांत नाताळच्या फराळाची लगबग सुरू होते. कोल्हापूर परिसरातील घरांत करंज्या, शंकरपाळी आणि चकल्या यांच्या जोडीला केक असतोच. अलीकडे चॉकलेट व चेरी घातलेल्या कुकीजनाही नाताळच्या ताटात स्थान मिळू लागले आहे. मैदा, तूप व साखर घेऊन बेकरीत जायचे आणि तेथील भट्टीत भाजलेली नानकटाई डबा भरून घरी आणायची, ही पद्धत आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. आता लहान ओव्हन अनेक घरांत आले आहेत व हे काम घरच्या घरी होऊ लागले आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. तथापि, ज्या पदार्थाने आपण पाहुण्यांचे स्वागत करतो, त्यात नेमके काय असते हे जाणून घेणेही तितकेच आवश्यक आहे.

चेरी नव्हे, करवंद

खरी चेरी हे थंड प्रदेशातील फळ. आपल्या देशात ती प्रामुख्याने काश्मीर व हिमाचल प्रदेश येथे पिकते. तिचा हंगाम अल्प व फळ अतिशय नाजूक. त्यामुळे बेकरीच्या सामानाच्या दुकानात वर्षभर मिळणारी पाकवलेली लाल 'चेरी' ही बहुतांशी चेरी नसतेच; ते आपले करवंद असते! कच्च्या वा अर्धवट पिकलेल्या करवंदांच्या बिया काढून, ती साखरेच्या पाकात मुरवून व लाल रंगवून बाजारात आणली जातात. पाकिटावरील घटकांची यादी नीट वाचल्यास 'करोंदा' हा शब्द बारीक अक्षरांत आढळतो.

हे फळ आपल्याला परके नाही. पन्हाळा, राधानगरी, आजरा, चंदगड या भागांतील डोंगरउतारांवर करवंदीच्या काटेरी जाळ्या आहेत. वैशाखात हीच फळे 'डोंगरची काळी मैना' म्हणून पानांच्या द्रोणात विकायला येतात. काट्यांनी हात ओरबाडून घेत ती गोळा करणाऱ्या माउलीशी आपण दोन रुपयांसाठी घासाघीस करतो आणि तेच फळ परदेशी नाव व लाल रंग घेऊन आले की सांगितलेली किंमत निमूटपणे मोजतो. याचा विचार व्हावयास हवा.

रंगाचा प्रश्न

पाकवलेल्या चेरीसाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम रंगांपैकी एक म्हणजे एरिथ्रोसीन. पाकिटावर त्याची नोंद 'आय.एन.एस. १२७' अशी असते. भारतात हा रंग ठरावीक मर्यादेत वापरण्यास अनुमती आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मात्र जानेवारी २०२५ मध्ये खाद्यपदार्थांतील त्याच्या वापराची परवानगी मागे घेतली व उत्पादकांना जानेवारी २०२७ पर्यंत मुदत दिली. मोठ्या मात्रेत हा रंग दिलेल्या नर उंदरांमध्ये कर्करोग आढळल्यामुळे तेथील कायद्यानुसार हा निर्णय घेणे भाग पडले. माणसांना तसा अपाय झाल्याचे सिद्ध झालेले नाही, हेही त्याच प्रशासनाने स्पष्ट केले आहे. तेव्हा घाबरून जाण्याचे कारण नाही. परंतु एक साधा प्रश्न उरतोच. चॉकलेटच्या काळसर पिठात दडून जाणाऱ्या फळाला लाल रंगाची गरजच काय?

करवंदे पाकवण्याची रीत

वैशाखात मिळणारे फळ डिसेंबरात हवे असेल, तर ते टिकवावे लागते. अर्धा किलो निबर, लालसर करवंदे घ्यावीत; पूर्ण पिकलेली घेऊ नयेत. धुऊन, उभी चीर देऊन बिया काढाव्यात व चीक निघून जावा म्हणून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवावीत. सकाळी स्वच्छ धुऊन तीन-चार मिनिटे साध्या पाण्यात उकळावीत. अर्धा किलो साखर व पाव लिटर पाणी यांचा पाक करून त्यात ती बुडवून ठेवावीत. दुसऱ्या दिवशी पाक निथळून घ्यावा, उकळून थोडा दाट करावा व पुन्हा फळांवर ओतावा. असे चार-पाच दिवस केल्यावर पाक मधासारखा दाट होतो. मग फळे निथळून सावलीत सुकवावीत आणि कोरड्या बरणीत भरून फ्रीजमध्ये ठेवावीत.

येथे घाई करू नये. फळ एकदम दाट पाकात टाकले तर त्यातील पाणी झटकन बाहेर ओढले जाते व ते सुरकुतते. पाक हळूहळू दाट होत गेला, तर साखर आतपर्यंत शिरते व फळ भरीव राहते. साखरेने पाणी बांधून ठेवल्यामुळे बुरशी व जंतू यांची वाढ रोखली जाते.

ज्यांना यंदा हे जमले नाही, त्यांनी विकतची चेरी कोमट पाण्यात धुऊन, पुसून वापरावी. वरवरचा पाक व काही रंग त्यामुळे निघून जातो.

चॉकलेटची पारख

खऱ्या चॉकलेटमध्ये कोकोचा स्वतःचा स्निग्धांश, म्हणजे कोको बटर असते. ते सुमारे ३४ अंश सेल्सिअसला, म्हणजे आपल्या शरीराच्या तापमानाहून किंचित खाली वितळते. म्हणून चॉकलेट जिभेवर विरघळते. 'कॉम्पाउंड' म्हणून मिळणाऱ्या स्वस्त वड्यांत त्याऐवजी वनस्पती तेलांपासून केलेले स्निग्ध पदार्थ असतात. तेव्हा यादीत 'कोको बटर' आहे ना, हे पाहावे. चांगल्या चॉकलेटसाठी दूर जावे लागते असेही नाही. शेजारच्या कर्नाटकात, पुत्तूर येथे, सुपारी व कोको उत्पादकांच्या 'कॅम्पको' या १९७३ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेचा चॉकलेटचा कारखाना १९८६ पासून चालू आहे.

साहित्य व कृती

सुमारे २४ कुकीजसाठी मैदा १५० ग्रॅम, कोको पावडर ३० ग्रॅम, लोणी ११५ ग्रॅम, साखर ७० ग्रॅम, किसलेला कोल्हापुरी गूळ ५० ग्रॅम, एक अंडे, गडद चॉकलेटचे तुकडे १०० ग्रॅम, पाकवलेली करवंदे ८० ग्रॅम, अर्धा चहाचा चमचा खाण्याचा सोडा व चिमूटभर मीठ घ्यावे. अंडे नको असल्यास तीन मोठे चमचे दही घालावे.

लोणी, साखर व गूळ एकत्र फेसून हलके करावे. त्यात अंडे मिसळावे. मैदा, कोको, सोडा व मीठ दोनदा चाळून त्यात घालावे आणि हलक्या हाताने एकत्र करावे. फार मळल्यास कुकी चिवट होते. शेवटी चॉकलेट व चिरलेली करवंदे घालून पीठ अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावे. नंतर लिंबाएवढे गोळे करून, अंतर राखून ट्रेमध्ये मांडावेत व आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये १७० अंशांवर १२ ते १३ मिनिटे भाजावेत. ओव्हन नसल्यास जाड बुडाच्या पातेल्यात मीठ पसरून ते तापवावे, वर जाळी व ताटली ठेवावी आणि झाकण लावून मंद आचेवर २० ते २५ मिनिटे भाजावे.

काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. घरचे लोणी वापरताना ते थंड पाण्याने धुऊन ताक पूर्ण काढावे. पाणी राहिल्यास कुकी पसरते. गुळामुळे ओलावा टिकतो व कुकी मऊ राहते. पीठ मुळातच काळसर असल्याने 'तांबूस होईपर्यंत' ही खूण येथे चालत नाही. घड्याळाकडे लक्ष ठेवावे. कडा घट्ट व मध्यभाग मऊ असतानाच ट्रे बाहेर काढावा व दहा मिनिटे हात लावू नये. निवताना कुकी आपोआप घट्ट होते.

करवंदाचा आंबटपणा चॉकलेटच्या जडपणाला छेद देतो; नुसत्या गोड, रंगीत चेरीला ते साधत नाही. दिवाळीत व ईदला आपल्या घरी शेजाऱ्यांकडून ताटे येतात, तशी नाताळात आपली ताटे त्यांच्या घरी जातात. यंदा त्या ताटातील कुकी कशाची, असे कोणी विचारले, तर संकोच न बाळगता सांगावे : आपल्याच डोंगरातील करवंदाची. आणि येत्या वैशाखात द्रोण घेऊन बसलेली माउली दिसली, तर घासाघीस न करता अर्धा किलो अधिक घ्यावीत. नाताळची तयारी तेथूनच सुरू होते.