राव–ब्लॅकवेल प्रमेयातील ब्लॅकवेल

संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्याला राव–ब्लॅकवेल प्रमेय भेटतेच. त्यातील राव म्हणजे आपले सी. आर. राव. ब्लॅकवेल कोण, हे मात्र वर्गात क्वचितच सांगितले जाते. आम्हांस ते सांगणे अगत्याचे वाटते.

डेव्हिड ब्लॅकवेल यांचा जन्म १९१९ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, सेंट्रालिया गावी, एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. वडील रेल्वेत कामाला होते. प्राथमिक शिक्षक व्हावे या हेतूने ब्लॅकवेल सोळाव्या वर्षी इलिनॉय विद्यापीठात दाखल झाले. आपल्यासाठी वडील कर्ज काढतात हे कळताच भांडी घासून, वाढप्याचे काम करून त्यांनी स्वतःचा खर्च भागवला. १९४१ मध्ये, बाविसाव्या वर्षी, त्यांनी गणितात पीएच.डी. मिळवली.

पुढे प्रिन्स्टनच्या प्रगत अध्ययन संस्थेत त्यांना वर्षभर संशोधनाची संधी लाभली. पण तेथील सदस्यांना प्रिन्स्टन विद्यापीठात मिळणारा रिवाजाचा मान त्यांना देण्यास वर्णामुळे विरोध झाला. १९४२ मध्ये बर्कली येथील येर्झी नेमन यांना ते हवे होते. तेथेही वर्णभेद आड आला. ब्लॅकवेल यांनी नोकरीसाठी शंभराहून अधिक पत्रे धाडली, ती सर्व कृष्णवर्णीयांच्याच महाविद्यालयांना. अन्यत्र दार उघडेल अशी अपेक्षाच त्यांनी धरली नव्हती. नकारापेक्षा हेच आम्हांस अधिक बोचते.

१९४४ पासून दहा वर्षे ते वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात होते. १९४७ चा तो शोधनिबंध तेथील काळातला. राव यांनी तोच विचार १९४५ मध्ये कोलकात्यात स्वतंत्रपणे मांडला होता. समजा, कारखान्यातील सदोष दिव्यांचे प्रमाण काढण्यासाठी वीस दिवे तपासले. तीन सदोष निघाले. कोणी केवळ पहिला दिवा पाहून अंदाज बांधला, तर उत्तर शून्य किंवा एक, म्हणजे अगदीच ओबडधोबड. परंतु हे तीन सदोष दिवे कोणत्याही क्रमाने आले असते. त्या सर्व क्रमांवर त्या अंदाजाची सरासरी काढली की वीसात तीन हे उत्तर मिळते. आवश्यक माहिती सारी एकूण संख्येतच आहे. क्रम निरर्थक आहे. अशा रीतीने सुधारलेला अंदाज सरासरीने मूळ अंदाजाहून कधीच अधिक चुकीचा ठरत नाही, असे हे प्रमेय सांगते.

१९५४ मध्ये बर्कलीनेच त्यांना बोलावले. तेथे ते प्राध्यापक व पुढे संख्याशास्त्राचे विभागप्रमुख झाले. १९६५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे ते पहिले कृष्णवर्णीय सदस्य ठरले. २०१० मध्ये त्यांचे निधन झाले. प्राथमिक शाळेत शिकवायचे राहून गेले खरे, पण त्यांच्या हाताखाली साठांहून अधिक विद्यार्थी पीएच.डी. झाले.