पोर्ट अडलाय, पण प्रोसेस कुणाची?

एकाच लिनक्स सर्व्हरवर चार-पाच जण मिळून वेब ॲप्लिकेशन बनवत असतील, तर आज ना उद्या 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' हा एरर दिसतोच. म्हणजे तुमच्या ॲपला हवा असलेला पोर्ट, समजा ३०००, आधीच कुणीतरी धरून बसलंय.

अशा वेळी बरेच जण सरळ 'किलऑल नोड' मारतात. थांबा! लिनक्समध्ये साधा यूजर फक्त स्वतःच्याच प्रोसेस बंद करू शकतो. पण सगळी टीम एकाच लॉगिनने काम करत असेल, तर लिनक्सच्या लेखी सगळ्याच प्रोसेस तुमच्या. शेजारी कुणी तासभर नोडवर डेटा इम्पोर्ट करत असेल, तर तोही गेला! सुडो लावलंत तरी तेच. म्हणून प्रत्येकाला वेगळं लॉगिन आणि ठरवून दिलेला वेगळा पोर्ट हवाच.

मग 'एलएसओएफ' कमांडने ३००० वर काय चालू आहे ते बघा. पोर्ट अडलेला, पण यादी रिकामी? मग ती प्रोसेस बहुधा दुसऱ्याची आहे, आधी विचारा. तुमचीच असेल तर तिचा पीआयडी घेऊन नुसतं 'किल' द्या. त्यातून १५ नंबरचा सिग्नल जातो. प्रोग्रॅममध्ये तशी सोय केलेली असेल तर तो हातातलं काम आवरून बंद होतो. ९ नंबरचा सिग्नल ही संधीच देत नाही. फाइल अर्धी लिहिली असेल, तर अर्धीच राहते.

आणि मारलेली प्रोसेस लगेच पुन्हा उठली, तर पीएम-टूसारखा मॅनेजर तिला चालू करतोय. तिथे 'किल' नको, पीएम-टूलाच 'स्टॉप' सांगा.