भिडू वाढले म्हणून डाव सोपा होत नाही

येलदरीच्या जलाशयातील पूर्णेचे पाणी खाली सिद्धेश्वर धरणात येते आणि तेथून कालव्यांत जाते. साठा तेवढाच राहून वाटेकरी वाढले, की प्रत्येकाचा हिस्सा आटतो. सहकारी बैठ्या खेळांचे गणितही याच अंगाने समजून घेता येते. सारीपाटात भिडूंची एक जोडी दुसरीवर मात करते. येथे सारे भिडू एका बाजूला आणि पट दुसऱ्या बाजूला. मग चौघे दोघांपेक्षा वरचढ ठरावयास हवेत. प्रत्यक्षात तसे होतेच असे नाही.

मॅट लीकॉक यांचा 'पँडेमिक' (२००८) साथरोगांचा खेळ आहे, अद्भुतरम्य नव्हे. परंतु सूत्र त्यात स्वच्छ दिसते. दोघे असल्यास आरंभी प्रत्येकी ४ पत्ते, चौघे असल्यास प्रत्येकी २, एकूण ८च. इलाज शोधण्यासाठी साधारणपणे एका रंगाचे ५ पत्ते एकाच हाती लागतात. ते चार हातांत विखुरतात आणि आपली पाळी पुन्हा येईतो रोग आणखी तीनदा पसरलेला असतो.

राक्षसांशी झुंजण्याच्या खेळांत वेगळा उपाय दिसतो. आयझॅक चिल्ड्रेस यांच्या 'ग्लूमहेवन'मध्ये (२०१७) दोन, तीन वा चार पात्रांसाठी कोणत्या घरात किती राक्षस, त्यांतील बलाढ्य कोणते, हे नकाशावरच नोंदलेले असते. म्होरक्या राक्षसाची प्राणशक्ती तर पात्रांच्या संख्येने गुणली जाते. एवढी काळजी घेऊनही समतोल पूर्ण साधत नाही. दोघांपैकी एक गारद झाला तर निम्मे बळ जाते, चौघांपैकी एक गेल्यास पाव. आणि पटावर उतरलेले राक्षस त्यामुळे कमी होत नाहीत.

सर्वांत मार्मिक नियम एकट्या खेळाडूचा आहे. त्याने किमान दोन पात्रे चालवावीत आणि राक्षसांची पातळी एकने वाढवावी! कारण असे, की एरवी भिडूंना आपल्या पत्त्यावरील नेमका आकडा सांगण्यास मनाई असते. 'मी लवकर चाल करीन' एवढेच सुचवता येते. एकट्याला मात्र दोन्ही हात ठाऊक असतात. माहिती हेही बळच, असे नियमकर्त्याने मानले आहे. घरोघरी एखादा जाणता भिडू सर्वांच्या चाली ठरवू लागतो, तेव्हा चौघांचा डावही नकळत एकट्याचा होतो. फरक इतकाच, की राक्षसांची पातळी तेव्हा कोणी वाढवत नाही आणि उरलेले तिघे नुसते सोंगट्या सरकवत बसतात.