सुतकातली कादंबरी

उत्रोलीच्या एका शिक्षक मित्राने मला सरळ विचारले, "सर, 'हिंदू' तुम्ही खरंच पुरी वाचलीत का?" मराठी शिकवण्यावर ज्याचे पोट, त्याने काय सांगावे? भालचंद्र नेमाडे यांची 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' ही २०१० साली निघालेली कादंबरी मी दोनदा अर्ध्यावर टाकली होती. मास्तरांनी ती वडील गेले त्या सुमारास हाती घेतली होती. आधार मिळेल म्हणून उघडली आणि वैतागून मिटली.

कथा म्हणाल तर चार ओळींची. मोहेंजोदडोच्या उत्खननावर गेलेल्या खंडेरावाला वडील अत्यवस्थ असल्याचे कळते. तो खानदेशातल्या मोरगावी परततो. वडील जातात. एवढ्यासाठी सहाशेच्या आसपास पाने! बाप मरणाला टेकलेला, आणि लेखक मध्येच लभाणांच्या, बलुतेदारांच्या, महानुभाव झालेल्या आत्याच्या गोष्टी सांगत बसतो. मला वाटे, अहो, आधी त्या घरात तर जा!

मास्तरांच्या वडिलांच्या दहाव्याला मी गेलो होतो. नीरेकाठचे विधी आटोपून मंडळी ओसरीवर टेकली. म्हाताऱ्याविषयी कुणी दोन वाक्ये बोलले. मग विषय निघाला त्यांच्या बैलाचा, बैलावरून बांधाच्या भांडणाचा, तिथून १९७२च्या दुष्काळाचा. आत बायका रडत होत्या, बाहेर कुणी हसलेही. कुणाला वावगे वाटले नाही. माणूस गेला म्हणजे काय काय गेले, ते असे बोलल्यावाचून घराला उमगत नाही. ही कादंबरी म्हणजे तशी ओसरी आहे. आपण तिथे कथानक शोधतो, म्हणून पाय अवघडतात.

अमेरिकेत विल्यम फॉकनरने १९३० साली 'ॲज आय ले डाइंग' लिहिली. आईचे प्रेत गाडीतून तिच्या माणसांच्या गावी नेणारे कुटुंब, आणि सांगणारे पंधरा जण. त्यांत खुद्द मेलेली आईही बोलते! तिथेही वाचक चाचपडतो.

तिसऱ्या खेपेला मी 'हिंदू' रोज दहा पाने, मोठ्याने वाचली. बोली कानात बसली आणि गाडी चालू लागली. काही लांबलचक वर्णने आजही कंटाळवाणी वाटतात; ती मी खुशाल ओलांडतो. २०१४च्या ज्ञानपीठाचे मानकरी असले, म्हणून काय झाले?

मास्तर आता घरी मोठ्याने वाचतात. परवा म्हणाले, "आई ऐकायला बसते, आणि मध्येच आबांचं काहीतरी सांगू लागते. मग पुस्तक तिथंच राहतं."